जळालेल्या चादरीवर काय होतं? नागपूर, १७ मार्च २०२५

सोमवार, १७ मार्च २०२५. तिथीनुसार शिवजयंती, आणि रमजानचा तिसरा आठवडा. नागपूरच्या महाल भागात, गांधी गेटजवळच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाचं आंदोलन झालं. मागणी एकच होती: खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा. गवताच्या पेंढ्यांची प्रतीकात्मक कबर, तिच्यावर हिरवं कापड, घोषणा, मग आग. आंदोलन आटोपलं आणि कार्यकर्ते पांगले. संध्याकाळपर्यंत मात्र शहरात वेगळंच वाक्य फिरू लागलं होतं: जाळलेल्या चादरीवर पवित्र आयती लिहिलेल्या होत्या.

रात्री चिटणीस पार्क, भालदारपुरा, हंसापुरी या भागांत दगडफेक झाली, गाड्या पेटल्या, घरांवर हल्ले झाले. मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी विधानसभेत दिलेल्या माहितीनुसार ३३ पोलीस जखमी झाले. त्यांत तीन उपायुक्त होते आणि एका उपायुक्तावर कुऱ्हाडीने वार झाला होता. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. ती टप्प्याटप्प्याने शिथिल होत २३ मार्चला पूर्ण उठली. त्याच्या आदल्या दिवशी, गंभीर जखमी झालेल्या एका माणसाचा रुग्णालयात मृत्यू झाला.

यावर दंगल म्हणून भरपूर लिहून झालं आहे. या टिपणाचा विषय फक्त वर दिलेलं ते एक वाक्य आहे. ते कसं तयार झालं, दुपार ते रात्र कसं टिकलं, ते अडवण्याची जबाबदारी कोणाची होती, आणि नंतरच्या दिवसांत सरकारी यंत्रणेने जे केलं त्याने अशा पुढच्या वाक्याची वाट अवघड केली की सोपी, एवढंच पाहायचं आहे. चादरीवर धार्मिक मजकूर असल्याची गोष्ट ही अफवा होती, असं पोलिसांनी आणि मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. तेच इथे धरून चाललो आहे. खटले न्यायालयात आहेत, म्हणून आरोपींची नावं घेतलेली नाहीत, आणि अफवा कोणी मुद्दाम पेरली याचा निवाडाही इथे करायचा नाही.

कबर महालात कशी आली

खुलताबाद नागपूरपासून जवळपास पाचशे किलोमीटरवर आहे. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ मेला आणि खुलताबादला, सुफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात, साध्या मातीत पुरला गेला. नागपूरशी त्याचा जो काही धागा आहे तो या वादात कोणाच्याच सोयीचा नाही. १७०२ च्या सुमारास हे शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याला ते नाव औरंगजेबाच्याच दरबारात मिळालं, आणि पुढे त्याच औरंगजेबाविरुद्ध त्याने बंडही केलं. त्या महिनाभरात हा राजा कोणाला आठवला नाही. आठवला असता तर कोणत्या बाजूला ठेवायचा, हीच पंचाईत झाली असती.

कबर महालात आली ती राजकारणाच्या वाटेने. फेब्रुवारीच्या मध्यावर संभाजीराजांवरचा चित्रपट लागला, थिएटरं भरली, लोक रडत बाहेर पडले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमी यांनी औरंगजेबाची बाजू घेणारं विधान केलं आणि अधिवेशन संपेपर्यंत ते विधानसभेतून निलंबित झाले. त्यानंतर कबर हटवण्याच्या मागणीने जोर धरला. ती केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे, जे काही होईल ते कायद्याच्या चौकटीतच, हे मुख्यमंत्र्यांनीही त्या दिवसांत सांगितलं होतं. म्हणजे १७ तारखेला महालात जमलेल्यांची मागणी त्या चौकात पूर्ण होण्यासारखी नव्हतीच. आंदोलनाचा हेतू दृश्य निर्माण करण्याचा होता. त्यात गैर काही नाही. लोकशाहीत निम्मी आंदोलनं दृश्यासाठीच असतात. पण दृश्य एकदा फोनमध्ये गेलं की त्याचा अर्थ लावण्याचा हक्क ते करणाऱ्यांकडे उरत नाही.

पुतळा जाळणं या शहराला नवीन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची टर उडवून त्यांची होळी होते, आणि ही रीत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. नागपूरकर प्रतीक ओळखतो. १७ मार्चला जे जाळलं गेलं ते मात्र एका समाजाला प्रतीक वाटलं नाही. हिरवं कापड घातलेली कबर म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर रोजचा दर्गा. इथपर्यंत खोटं काहीच नाही. कोणाला राग आला असेल तर तो खऱ्या दृश्यावर आला होता.

एका वाक्याची बांधणी

या प्रकरणात सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट ही आहे की ती अफवा नव्वद टक्के खरी होती. आंदोलन झालं, खरं. कबरीची प्रतिकृती जाळली, खरं. तिच्यावर हिरवी चादर होती, खरं. व्हिडिओ खरा, जागा खरी, तारीख खरी, घोषणा देणारे खरे. खोटा होता तो फक्त शेवटचा तुकडा, चादरीवर लिहिलेल्या मजकुराचा. खोट्या बातम्या ओळखायच्या ज्या युक्त्या आपण शाळा-महाविद्यालयांत शिकवतो, म्हणजे फोटो उलटा शोधा, तारीख पाहा, ठिकाण पडताळा, त्या सगळ्या लावल्या असत्या तरी उत्तर 'बरोबर' असंच आलं असतं. फोनवरच्या हलत्या, धुराने भरलेल्या चित्रात कापडावर काय आहे ते दिसत नाही. आणि न दिसणं हे अफवेच्या विरोधात जात नाही, बाजूने जातं. 'नीट पाहा, कोपऱ्यात आहे' असं कोणी म्हटलं की पाहणाऱ्याला तिथे अक्षरं दिसू लागतात.

दुसरी अडचण अधिक मोठी. पुरावा जळून गेला होता. कापड उरलं असतं तर ते दोन्ही बाजूंच्या चार माणसांपुढे पसरून दाखवता आलं असतं. राखेवर काय लिहिलं होतं, याचा पंचनामा कोण करणार?

तिसरी गोष्ट वेळेची. रमजान चालू होता. संध्याकाळी रोजा सुटतो, माणसं मशिदीत आणि मशिदीबाहेर जमतात, एरवी विखुरलेला मोहल्ला त्या तासाला एकत्र असतो. दुपारभर जे फोनवर एकेकट्याने पाहिलं, ते संध्याकाळी एकत्र उभं राहून बोललं गेलं. आणि हे बोलणं कसं असतं ते नागपुरात राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. "मी नाही पाह्यलं भाऊ, पण सगळेच सांगून राहिले." या वाक्याला जात नाही, धर्म नाही, पक्षही नाही. पलीकडच्या गल्लीतही त्या रात्री आणि नंतरचे दोन दिवस हेच वाक्य चालू होतं, फक्त मजकूर वेगळा: अमुक भागात इतके मेले, तमुक ठिकाणाहून ट्रक भरून माणसं आली. ते वाक्य बोलणारा खोटं बोलत नसतो. सगळेच सांगत असतात, हे खरंच असतं.

म्हणून अपप्रचार करणारा आणि अफवा पुढे ढकलणारा यांना एकाच मापाने मोजलं की तपासही फसतो आणि उपायही. पहिला एक-दोन असतो, त्याला हेतू असतो. दुसरे हजारो असतात आणि त्यांतले बहुतेक स्वतःला सावध करणारे, आपल्या माणसांना वेळेवर कळवणारे समजत असतात.

दुपार ते संध्याकाळ

आता या प्रकरणातला तो भाग, ज्यावर मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं, कारण त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

आंदोलन सकाळच्या उत्तरार्धात झालं. दंगल संध्याकाळनंतर पेटली. मधला सगळा वेळ मोकळा होता, आणि त्या वेळात यंत्रणा हात बांधून बसली नव्हती. दुपारी तक्रार आली आणि गणेशपेठ पोलीस ठाण्यात आंदोलकांविरुद्ध गुन्हा दाखल झाला. पुढे १९ तारखेला विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाचे आठ कार्यकर्ते स्वतःहून पोलिसांत हजर झाले आणि त्यांना जामीनही मिळाला. म्हणजे ज्या समाजाच्या भावना दुखावल्या त्याची दखल कायद्याने त्याच दुपारी घेतली होती. 'आमचं कोण ऐकतं' या तक्रारीला ठोस, कागदावरचं उत्तर तयार होतं.

पण ते उत्तर ठाण्याच्या दप्तरात होतं. गुन्हा दाखल होणं पोलिसांच्या लेखी काम पूर्ण होणं असतं. प्रत्यक्षात त्या दुपारी ते निम्मंच काम होतं, आणि उरलेलं निम्मं होतं ते सांगणं. कोणी सांगायचं? तर ज्याचं ऐकलं जाईल त्याने. कुठे? भालदारपुऱ्यात, हंसापुरीत, मोमिनपुऱ्यात. आणि किती वाजेपर्यंत? रोजा सुटायच्या आत. पोलीस आंदोलनाचं चित्रीकरण करतात. कबर पेटवण्याआधीचं, जवळून घेतलेलं, कापड स्पष्ट दिसणारं दृश्य, आणि शेजारी उभे राहून 'हे आम्ही पाहिलं, यावर मजकूर नाही, तरी जाळण्याबद्दल गुन्हा नोंदवला आहे' एवढंच सांगणारा एक पोलीस अधिकारी आणि एक मौलाना. तीस सेकंदांची ही चित्रफीत चार वाजता लोकांच्या फोनवर असती तर दंगल टळली असती, असं ठामपणे कोणीच म्हणू शकत नाही. एवढं म्हणता येतं की अफवेला एकटीला मैदान मिळालं नसतं.

शांततेची आवाहनं झाली. त्या रात्री मुख्यमंत्र्यांनी केलं, नितीन गडकरींनी केलं, पोलीस आयुक्तांनी केलं. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं सगळ्यांनी सांगितलं. ही आवाहनं आली तेव्हा दगड सुटले होते. शिवाय 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे वाक्य कोणत्याही अफवेला लागू पडतं, म्हणून कोणत्याच अफवेला लागत नाही. नेमकी कोणती गोष्ट खोटी आहे आणि ती खोटी असल्याचं तुम्हाला कशावरून कळलं, हे सांगितल्याशिवाय खुलासा होत नाही.

इथे पोलिसांच्या बाजूने एक रास्त मुद्दा आहे. खुलासा केला की ज्यांना अफवा माहीत नसते त्यांनाही ती माहीत होते. शांत असलेल्या वस्तीत जाऊन 'चादरीवर आयती नव्हत्या' असं सांगायला सुरुवात केली तर लोक विचारणार, कुठली चादर? म्हणून ठाणेदार सहसा गप्प राहणं पसंत करतो. अनुभव त्याला शिकवतो की बऱ्याच गोष्टी रात्री झोपेत विरून जातात. हे खरंही आहे. पण त्याला एक मर्यादा आहे: तक्रार घेऊन माणसं ठाण्यात आली, की अफवा गुप्त राहिलेली नसते. त्या क्षणापासून गप्प बसणं हा सावधपणा नाही, ती दुसऱ्याला दिलेली सवड आहे.

'सुनियोजित' आणि 'अफवेमुळे'

१८ मार्चला विधानसभेत दोन्ही गोष्टी सांगितल्या गेल्या. अफवा पसरली म्हणून जमाव जमला, आणि हल्ला सुनियोजित दिसतो. ट्रॉलीभर दगड सापडले, शस्त्रं सापडली, ठरावीक घरं आणि दुकानं लक्ष्य झाली. टीका करणाऱ्यांनी विचारलं की यातलं खरं कोणतं. माझ्या मते दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पण त्यातून निघणारं काम वेगवेगळं आहे.

दगड गोळा करून ठेवणारे दहा-वीस असतील. त्यांना कोणताही खुलासा थांबवणार नव्हता. चादर नसती तर त्यांनी दुसरं कारण शोधलं असतं. मात्र दहा-वीस जणांनी दंगल होत नाही, फार तर मारामारी होते. त्यांना शेकडोंची गर्दी लागते, आणि ती पुरवण्याचं काम अफवा करते. खुलाशाचा उपयोग त्या गर्दीवर होतो. कट शोधायला गुप्तवार्ता लागते, गर्दी पातळ करायला विश्वासातली माणसं लागतात. 'सुनियोजित' हा शब्द एकदा उच्चारला की सगळी यंत्रणा पहिल्या कामाला लागते आणि दुसरं काम कोणाच्याच टेबलावर राहत नाही. सत्ताधाऱ्यांना ते सोयीचं असतं, कारण कट दुसऱ्याने केलेला असतो. विरोधकांनाही ते सोयीचं असतं, कारण मग गुप्तवार्ता अपयशी ठरली असं म्हणता येतं.

सायबर पोलिसांनी पुढच्या दिवसांत बरीच खाती तपासली, आक्षेपार्ह मजकूर काढायला लावला, गुन्हे नोंदवले. त्यात एक फेसबुक खातं बांगलादेशातून चालवलं जात असल्याचं त्यांनी सांगितलं; त्यावरून याहून मोठी दंगल होईल अशी धमकी दिली गेली होती. बातम्यांत या खात्याला मोठी जागा मिळाली. पण त्या धमकीतच झालेल्या दंगलीचा उल्लेख होता. म्हणजे ती आग लागल्यानंतर आलेली फुंकर होती. परदेशी हात शोधायला हरकत नाही, शोधावाच. मात्र १७ तारखेच्या दुपारी जे वाक्य फिरलं ते महालातल्या दृश्यावर, महालाच्या आसपास, मराठी-हिंदी-उर्दू बोलणाऱ्या नागपूरकरांच्या फोनमध्ये घडलं.

खोटं कोण ठरवणार

कायदा कमी नाही. अफवा पसरवून समाजात तेढ किंवा भीती निर्माण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे, गटागटांत वैर वाढवणं कलम १९६ खाली. जुन्या १४४ च्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली संचारबंदी लावता येते, तशी ती लागलीही. ही सगळी हत्यारं घटनेनंतर चालतात.

घटनेआधी चालेल असं हत्यार केंद्र सरकारने करून पाहिलं होतं. २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून केंद्राच्या कारभाराबद्दलची खोटी माहिती ठरवणारा सरकारी तथ्यतपासणी कक्ष आणायचं ठरलं. कुणाल कामरा आणि इतरांनी त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, म्हणून प्रकरण तिसऱ्याकडे, न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं. चांदूरकरांची वकिली नागपूर खंडपीठातली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. स्वतःबद्दलची कोणती माहिती खोटी हे सरकारनेच ठरवायचं आणि मग ती काढायला लावायची, हे त्या निकालाने नाकारलं.

मला तो निकाल योग्य वाटतो. पण महालाच्या प्रकरणाला त्याचा आधारही नाही आणि अडथळाही नाही, हे लक्षात घ्यायला हवं. त्या दुपारी मजकूर काढून टाकायचा अधिकार पोलिसांकडे असता तरी उपयोग झाला नसता, कारण व्हिडिओ खरा होता आणि खोटं तोंडी होतं. व्हॉट्सॲपने २०१८ च्या जुलैमध्ये भारतात एका वेळी पाचच गप्पांना पुढे पाठवायची मर्यादा घातली, तीही आपल्याच राज्यातल्या राईनपाड्याच्या घटनेनंतर काही दिवसांनी. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केलं होतं. त्या मर्यादेने वेग कमी होतो. मशिदीच्या किंवा मंदिराच्या पायरीवर उभ्या असलेल्या पन्नास जणांना मात्र पुढे पाठवावं लागत नाही, ते एकमेकांशी बोलतात.

सरकारला खोटं ठरवण्याचा एकाधिकार नको असेल, तर खरं काय ते सांगण्याची जबाबदारी सरकारवर अधिक येते. ती कायद्याने पार पाडता येत नाही, माणसांनी पार पाडावी लागते. आणि इथे नागपूरची एक रिकामी जागा दिसते.

नगरसेवक नसलेलं शहर

नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली नाही. मार्च २०२५ मध्ये शहर तीन वर्षं प्रशासकाच्या हाती होतं. महाल, भालदारपुरा, हंसापुरी, मोमिनपुरा, कुठेही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता.

नगरसेवकाला आपण नावं ठेवतो आणि बऱ्याचदा ते रास्तच असतं. पण गटार तुंबल्यापासून मयतीपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घराने ज्याला कधी ना कधी फोन केलेला असतो, असा तो एकमेव लोकप्रतिनिधी. रात्री नऊला तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून 'घरी जा रे, काही नाही तिकडे, मी पाहून आलो' म्हणू शकतो. हे म्हणायला तो चांगला माणूस असायलाही लागत नाही. पुढच्या निवडणुकीत त्याला त्याच दारात मत मागायचं असतं, एवढं पुरतं. माजी नगरसेवक त्या रात्रीही होते, काहींनी धावपळ केलीही असेल. पण पद गेलं की ठाण्यातला फोन उशिरा उचलला जातो, आणि ज्याच्याकडे ठाण्याची पक्की माहिती नाही त्याच्या खुलाशाला गल्लीत वजन राहत नाही.

महाराष्ट्राने यावर एकदा उत्तर शोधलं होतं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी १९८८ च्या सुमारास रुजू झाले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं, बीटच्या हवालदारासह, नियमित एकत्र बसायची. विषय दंगलीचा नसे. नळाचं पाणी, भाडेकरूचं भांडण, पोराची छेडछाड, असले रोजचे तंटे तिथे मिटायचे. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. लक्षात घेण्याजोगं हे की त्या समित्या अफवा रोखायला काढलेल्या नव्हत्या. नळाच्या भांडणात ज्या हवालदाराने पक्षपात केला नाही, त्याचा शब्द डिसेंबरमध्ये चालला.

नागपुरात शांतता समित्या आहेत. सण आला की आयुक्तालयात बैठक होते, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतात. त्यात मान्यवर असतात. मान्यवर रात्री साडेनऊला भालदारपुऱ्यात नसतात.

२४ मार्च

दंगलीला आठवडा झाला त्या दिवशी महापालिकेने मुख्य आरोपींपैकी एकाचं घर अनधिकृत बांधकाम म्हणून पाडलं. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला, न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या निकालात स्पष्ट सांगितलं होतं: आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही, आणि अनधिकृत असलं तरी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल. नागपुरात तेवढी सवड दिली गेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईवर ताशेरे ओढले आणि ती थांबवली. तोवर एक घर पडून झालं होतं, दुसऱ्या आरोपीच्या घराचं पाडकाम मध्येच थांबलं. एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाचे ते निर्देश आपल्यापर्यंत पोहोचले नव्हते, असं त्यांचं म्हणणं होतं.

दंगलीत ज्यांच्या गाड्या जळल्या, ज्यांच्या घरांच्या काचा फुटल्या, त्यांच्या रागाला हे बरं वाटलं असेल. तो राग खोटा नाही. हंसापुरीत ज्या माणसाने उंबऱ्यातून जमाव पाहिला त्याला पंधरा दिवसांच्या नोटिशीची महती सांगायला जाऊ नये. पण अफवेच्या अंगाने या घराचा हिशेब वेगळा लागतो. पुढच्या वेळी एखाद्या दुपारी याच वस्तीत कोणाला तरी जाऊन सांगावं लागेल की चादरीवर काही नव्हतं, आम्ही तपासलं आहे. ते सांगणारा सरकारचाच माणूस असेल. समोरचा त्याच्याकडे पाहील तेव्हा त्याला काय आठवेल: गणेशपेठ ठाण्यात आंदोलकांविरुद्ध त्याच दुपारी नोंदवलेला गुन्हा, की २४ मार्चचं घर? पहिली गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. दुसरी त्याने पाहिली.

इथे लोकशाहीला बसणारा खरा फटका दिसतो. अफवेने एक रात्र जाते. त्या रात्रीच्या रागात यंत्रणेने स्वतःचे नियम मोडले तर जातो तो तिचा शब्द, आणि अफवेविरुद्ध तिच्याकडे दुसरं काही नसतं. खंडपीठाचा आदेश त्याच दिवशी आला, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वेळेवर झालेली गोष्ट आहे; सरकारी यंत्रणा चुकली तर सरकारी व्यवस्थेतलंच दुसरं कोणी तिला थांबवतं, हे वस्तीलाही दिसलं. त्या आदेशाची बातमी किती गल्ल्यांत पोहोचली हा पुन्हा तोच प्रश्न.

पुढचा बंदोबस्त

त्या वर्षीची ईद आणि सहा एप्रिलची रामनवमी कडक बंदोबस्तात पार पडली. पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेचं मुस्लिमांनी स्वागत करायची या शहराची जुनी प्रथा आहे. बंदोबस्ताबद्दल पोलिसांना शिकवण्यासारखं कोणाकडे काही नाही. किती तुकड्या, कुठे बॅरिकेड, कोणत्या छतावर कॅमेरा, हे सगळं तक्त्यात असतं.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची निवडणूक झाली आणि शहराला जवळपास चार वर्षांनी १५१ नगरसेवक मिळाले. म्हणजे रिकामी जागा कागदावर तरी भरली आहे. आयुक्तालयाने आता त्या तक्त्यात एक रकाना वाढवावा, असं मला वाटतं: या मिरवणुकीतून, या आंदोलनातून जी गोष्ट उलटी फिरू शकते तिचा खुलासा कोण करणार, कोणत्या गल्लीत, किती वाजेपर्यंत. समोर दोन नावं, दोन्ही बाजूंची, फोन नंबरसह. प्रतिकृती जाळायची परवानगी मागितली असेल तर पेटवण्याआधी तिचं चारही बाजूंनी चित्रीकरण. आणि गुन्हा दाखल झाला की अर्ध्या तासात त्या नगरसेवकाला ठाण्यातून फोन. याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. शहरात पुतळे जाळायचे प्रसंग तर दर महिन्याला येतात.